दोन नळ्यांमधले अंतर
आडव्या नळ्यांभोवतीच्या नैसर्गिक अभिसरणाचा आढावा

दहा सेंटिमीटर व्यासाची एक आडवी नळी घ्या. तिच्या पृष्ठभागाचे तापमान ८० अंश सेल्सिअस, भोवतालच्या हवेचे ३०. पंखा नाही, वारा नाही. या नळीच्या दर मीटर लांबीतून हवा किती उष्णता उचलून नेईल? पाठ्यपुस्तकातली दोन वेगवेगळी सूत्रे वापरली, तरी उत्तर सुमारे ८८ वॅट येते आणि दोन उत्तरांत एका टक्क्याचाही फरक पडत नाही. प्रश्न सुटला असे म्हणायला हरकत नाही.

आता या नळीच्या बरोबर खाली तशीच तापलेली दुसरी नळी ठेवा. वरच्या नळीतून जाणारी उष्णता वाढेल की घटेल? याला एक उत्तर नाही. खालची नळी जवळ असेल तर घटेल, पुरेशी दूर असेल तर वाढेल. किंवा ही नळी दुसऱ्या मोठ्या, थंड नळीच्या पोटात ठेवा. मधली हवा उष्णता अडवेल की वाहून नेईल? तेही मधली पोकळी किती रुंद आहे त्यावर ठरते.

या विषयावर सुमारे दोनशे वर्षांत जे काम झाले, त्याचे सार एवढेच निघते की एकट्या नळीचे गणित बऱ्यापैकी पक्के आहे. शेजारी दुसरी नळी आली, की नळीच्या आकारापेक्षा मधले अंतर जास्त बोलते. फ्रिजच्या मागची जाळी, विजेच्या वाहिन्या, सौर ऊर्जेचे संग्राहक यांची रचना करणाऱ्याने सूत्र शोधण्याआधी हे अंतर पाहिले पाहिजे.

एकटी नळी

तापलेल्या नळीला लागून असलेली हवा गरम होते, तिची घनता कमी होते आणि प्लावक बलामुळे ती वर सरकते. तिची जागा घ्यायला खालून थंड हवा येते. या सरकत्या हवेचा नळीला चिकटून एक पातळ थर तयार होतो. त्याला सीमास्तर म्हणतात. नळीच्या बुडाशी ताजी हवा येऊन भिडते, म्हणून तिथे हा थर सर्वांत पातळ असतो आणि उष्णता सर्वांत वेगाने निघते. नळीच्या अंगाने वर जाताना थर जाड होत जातो. माथ्यावर दोन्ही बाजूंचे थर एकत्र येतात आणि गरम हवेचा एक पडदा सरळ वर निघतो. माथ्यापाशी उष्णता सर्वांत कमी जाते. गरम वस्तूचे वरचे अंग जास्त उष्णता सोडत असणार असे वाटते खरे, पण आडव्या नळीत घडते ते उलटे.

हे डोळ्यांनी पाहता येते, आणि आडवी नळी प्रयोगकर्त्यांची लाडकी होण्याचे एक कारणही तेच आहे. इंटरफेरोमीटर या उपकरणात प्रकाशाची एक शलाका गरम हवेतून आणि दुसरी थंड हवेतून नेतात. गरम हवेचा अपवर्तनांक वेगळा असल्याने दोन्ही शलाका पुन्हा एकत्र आल्यावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. नळी लांब असेल आणि प्रकाश तिच्या अक्षाला समांतर नेला, तर संपूर्ण लांबीभर हवेची रचना जवळपास सारखीच असल्याने प्रत्येक पट्टा जवळजवळ समान तापमानाची रेषा होतो. बुडाशी हे पट्टे एकमेकांना खेटून असतात, माथ्याकडे ते विरळ होतात. पट्ट्यांमधले अंतर मोजले की त्या त्या ठिकाणची उष्णतेची गती मिळते आणि हवेत कसलाही तापमापक खुपसावा लागत नाही.

मोजमापांचा इतिहास मात्र या उपकरणाहून जुना आहे. फ्रान्समध्ये द्युलाँ आणि पेती यांनी १८१७ साली स्थिर हवेत थंड होणाऱ्या वस्तूंवर प्रयोग केले. हवेने नेलेली उष्णता तापमानातील फरकाच्या १.२३३ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. डेन्मार्कचे लुडविग लॉरेन्झ यांनी १८८१ साली उभ्या पट्टीसाठी सैद्धांतिक गणित मांडले, त्यात हा घात पाच चतुर्थांश, म्हणजे १.२५ आला. प्रयोग आणि सिद्धांत यांच्यात चौसष्ट वर्षांचे अंतर असूनही दोन्ही आकडे इतके जवळ यावेत, ही या विषयातली पहिली मोठी खूण. तापमानातील फरक दुप्पट केला तर उष्णता दुप्पट न होता सुमारे २.४ पट होते, ती या घातामुळेच.

पुढे १९१५ साली विल्हेल्म नुसेल्ट यांनी उष्णता-वहनाच्या सगळ्या राशी मितिहीन संख्यांत बांधल्या. आज दोन संख्यांवर हा विषय उभा आहे. पहिली रॅले संख्या. प्लावक बलाचा जोर एका बाजूला आणि हवेची श्यानता व उष्णतेचे आपोआप पसरणे दुसऱ्या बाजूला, यांचा तो हिशेब. तिच्यात व्यासाचा घन येतो, म्हणून व्यास दहापट झाला की रॅले संख्या हजारपट होते. दुसरी नुसेल्ट संख्या. हवा हललीच नसती आणि निव्वळ वहनाने उष्णता गेली असती, त्याच्या किती पट उष्णता प्रत्यक्षात गेली, हे तिच्यावरून कळते. सुरुवातीच्या उदाहरणातल्या नळीची रॅले संख्या सुमारे तीस लाख आणि नुसेल्ट संख्या सुमारे वीस आहे.

मधल्या पल्ल्यात, म्हणजे रॅले संख्या दहा हजार ते एक कोटीच्या दरम्यान, नुसेल्ट संख्या रॅले संख्येच्या एक चतुर्थांश घाताने वाढते. याचा व्यवहारातला अर्थ असा की व्यास दुप्पट केला, तर दर चौरस मीटरमागे जाणारी उष्णता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. फार मोठ्या रॅले संख्येला सीमास्तर खळबळू लागतो, घात एक तृतीयांश होतो आणि व्यासाचा परिणाम जवळजवळ उरत नाही.

तारेची गोष्ट

व्यास फार लहान केला तर चित्र पालटते. अमेरिकेतील शेनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करणारे अर्विंग लँगम्यूर यांनी १९१२ साली तापलेल्या तारांमधून वायूत जाणाऱ्या उष्णतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची कल्पना साधी होती. तारेभोवती वायूचा एक स्थिर थर आहे असे समजायचे, उष्णता त्यातून निव्वळ वहनाने जाते असे धरायचे आणि त्या थराबाहेर सगळे थंड मानायचे. साध्या हवेत सपाट पृष्ठभागासाठी या काल्पनिक थराची जाडी त्यांना ४.३ मिलिमीटर मिळाली. आपल्या दहा सेंटिमीटरच्या नळीसाठी आजच्या सूत्राने हाच हिशेब उलटा केला, तर थर सुमारे ५ मिलिमीटरचा निघतो. शंभर वर्षांपूर्वीच्या ढोबळ चित्राला ही चांगलीच दाद म्हणायची.

तार केसाएवढी बारीक असेल तर हा थर तारेच्या व्यासाच्या कितीतरी पट जाड ठरतो. मग तार थोडी जाड आहे की बारीक, याने फारसा फरक पडत नाही. आपल्या नळीऐवजी एक दशांश मिलिमीटरची तार घेतली, तर व्यास हजारपट कमी होतो, पण दर मीटरची उष्णता ८८ वॅटवरून सुमारे २ वॅटवर येते, म्हणजे चाळीसपटच घटते.

या निष्कर्षाने विजेचा दिवा बदलला. निर्वात दिव्यात टंगस्टनची तार हळूहळू उडून जाई आणि काच काळी पडे. दिव्यात वायू भरला तर तारेचे उडणे मंदावते, पण वायू तारेची उष्णता पळवतो. लँगम्यूर यांनी तार सर्पिल गुंडाळली. उष्णतेच्या हिशेबात ती गुंडाळी एका आखूड, जाड तारेसारखी वागते आणि वायूला कमी उष्णता देते. वायू भरलेला दिवा १९१३ साली तयार झाला. लँगम्यूर यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी, पण दिव्याच्या तारेत नैसर्गिक अभिसरणाचे हे जुने गणित आहे.

१९७५ चे दोन लेख

विसाव्या शतकात या विषयावर प्रयोगांचा ढीग साचला. जर्मनीत हेर्मान यांनी १९३६ साली सीमास्तराचे गणित नळीला लावले, तर मर्किन यांनी १९७० च्या दशकात ते अधिक नेमकेपणाने सोडवले. तरी प्रयोगांतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते.

ऑस्ट्रेलियातील व्ही. टी. मॉर्गन यांनी १९७५ साली हे सगळे आकडे एका लेखात गोळा केले आणि विस्कळीतपणाची कारणे धुंडाळली. नळीचे आधार आणि तिची टोके उष्णता खेचून घेतात. प्रयोगाची पेटी लहान असेल तर गरम हवा पुन्हा फिरून नळीकडे येते. तापमान मोजणारी उपकरणे स्वतःच हवेचा प्रवाह बिघडवतात. मॉर्गन यांनी रॅले संख्येचा प्रचंड पट्टा पाच तुकड्यांत विभागला आणि प्रत्येक तुकड्याला सोपे घातसूत्र दिले. त्याच वर्षी पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील स्टुअर्ट चर्चिल आणि हंबर्ट च्यू यांनी रॅले संख्या लाख कोटीपर्यंत असली तरी चालेल, असे एकच सलग सूत्र मांडले. हवा, पाणी, तेल या सगळ्यांना ते लागू पडावे अशी तजवीज त्यात आहे. आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत हेच सूत्र असते. आपल्या उदाहरणासाठी चर्चिल-च्यू यांची नुसेल्ट संख्या १९.८ येते आणि मॉर्गन यांची १९.९.

एक सापळा मात्र उरतो. वरचे ८८ वॅट हे फक्त हवेने नेलेले आहेत. याच नळीला काळा किंवा साधा तेलरंग दिला असेल, तर प्रारणाने आणखी सुमारे ११४ वॅट जातात, म्हणजे हवेपेक्षा जास्त. ती नळी चकचकीत ॲल्युमिनियमची असेल तर प्रारणाचा वाटा ६ वॅटच्या आसपास येतो. प्रयोगात एकूण उष्णता मोजून त्यातून प्रारण वजा केले जाते, म्हणून पृष्ठभागाच्या चमकेतली लहानशी चूक अभिसरणाच्या आकड्यात मोठी होऊन उतरते. जुन्या फ्रिजच्या मागची जाळी काळी रंगवलेली असते, तीही प्रारणाचा हा वाटा मिळावा म्हणूनच. त्या जाळीतल्या आडव्या नळ्यांना चिकटवलेल्या उभ्या तारा पृष्ठभाग वाढवतात आणि काळा रंग प्रारणाचे काम करतो.

एकावर एक

एकट्या नळीच्या माथ्यावरून निघालेला गरम हवेचा पडदा वर वर कसा बदलत जातो, हे कळले की शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. प्रवाह शांत असेल तर पडद्याचा वेग उंचीच्या एक पंचमांश घाताने वाढतो, त्याची रुंदी दोन पंचमांश घाताने वाढते आणि हवेचे जादा तापमान तीन पंचमांश घाताने घटते. तिन्हींचा गुणाकार स्थिर राहतो. मध्ये कुठे उष्णता वाढत नाही की हरवत नाही, म्हणून तो स्थिर राहणे भागच आहे.

खालच्या नळीपासून दोन व्यास उंचीवर आणि आठ व्यास उंचीवर या पडद्याची तुलना करू. उंची चौपट झाली. जादा तापमान मूळच्या सुमारे ४४ टक्क्यांवर उतरले आणि वेग ३२ टक्क्यांनी वाढला. वरची नळी दोन व्यासांवर ठेवली तर ती गरम हवेत बुडते. हवा आणि नळी यांच्यातला फरक कमी उरतो, म्हणून ती कमी उष्णता सोडते. आठ व्यासांवर ठेवली तर तिच्याकडे येणारी हवा फारशी गरम नसते, पण वेग घेऊन येते. एकट्या नळीला ही हवा स्वतःच हलवावी लागली असती. इथे खालच्या नळीने ते काम आधीच करून ठेवलेले असते, म्हणून वरच्या नळीची उष्णता वाढते. दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात आणि कोणता जिंकेल ते अंतर ठरवते.

हे चित्र एका दमात स्पष्ट झाले नाही. जर्मनीतून अमेरिकेला आलेले अर्न्स्ट एकर्ट आणि त्यांचे सहकारी झ्योंगेन यांनी १९४८ साली राइट फील्ड येथील हवाई दलाच्या प्रयोगशाळेत एकाखाली एक ठेवलेल्या नळ्यांची इंटरफेरोमीटरने छायाचित्रे घेतली. वर जाऊ तशी उष्णता घटत गेली. मधली नळी थोडी बाजूला सरकवली तर ही घट भरून निघाली. कॉर्नेलमध्ये लिबरमन आणि गेबहार्ट यांनी १९६९ साली बारीक तापलेल्या तारांच्या रांगांवर प्रयोग केले. कॅनडात मार्स्टर्स यांनी १९७२ साली नळ्यांच्या उभ्या रांगांची मोजमापे दिली. नळ्या जवळ असताना सर्वांत वरची नळी एकट्या नळीच्या तुलनेत ५० टक्क्यांपर्यंत कमी उष्णता सोडत होती, तर दूर असताना ती ३० टक्क्यांपर्यंत जास्त सोडत होती. एकाच मांडणीत, फक्त अंतर बदलून, एवढा पल्ला.

मिनेसोटा विद्यापीठात एफ्रेम स्पॅरो आणि नीतहॅमर यांनी १९८१ साली दोनच नळ्या घेतल्या, त्यांच्यातले अंतर दोन ते नऊ व्यासांपर्यंत बदलले, शिवाय दोघींची तापमानेही वेगवेगळी ठेवली. त्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. खालची नळी जास्त तापलेली असेल तर तिचा पडदा वरच्या नळीला जास्त त्रास देतो, आणि ती कमी तापलेली असेल तर तिचा उपद्रव कमी. जुन्या प्रयोगांमधला बराचसा विसंवाद यातून उलगडतो. कोणी सगळ्या नळ्यांना सारखीच वीज दिली होती, कोणी सगळ्यांचे तापमान सारखे ठेवले होते. पहिल्या प्रकारात वरच्या नळ्या आपोआप जास्त तापतात. दुसऱ्या प्रकारात त्यांना कमी वीज लागते. दोघांचे निकाल एकाच आलेखावर टाकले तर ते जुळायचे नाहीतच.

नळ्या शेजारी शेजारी, एकाच पातळीवर असतील तर प्रश्न सौम्य होतो. अंतर बरेच असेल तर प्रत्येक नळी आपापला पडदा सोडते आणि दुसरीला जाणवतही नाही. भारतातल्या ४०० किलोव्होल्टच्या अनेक वाहिन्यांवर प्रत्येक फेजला ‘मूस’ जातीच्या दोन तारा एकमेकींपासून ४५ सेंटिमीटरवर आडव्या बांधलेल्या असतात. तारेचा व्यास ३१.७७ मिलिमीटर असल्याने हे अंतर चौदा व्यासांचे आहे, म्हणून प्रत्येक तारेचा उष्णतेचा हिशेब एकटी धरूनच केला जातो. ४५ अंशांच्या हवेत ती तार ७५ अंशांवर असेल, तर पूर्ण निवांत हवेत नैसर्गिक अभिसरणाने दर मीटरला सुमारे २० वॅट जातात. सेकंदाला ६० सेंटिमीटर एवढी हलकी झुळूक आडवी आली, तरी हाच आकडा दुपटीहून जास्त होतो. उन्हाळ्याच्या निवांत दुपारी वाहिनीची क्षमता घटते त्यामागे हा हिशेब आहे. अमेरिकेच्या विद्युत अभियंत्यांच्या मानकात निवांत हवेसाठी दिलेल्या सूत्रात तापमानातील फरकाचा घात १.२५ आहे, म्हणजे लॉरेन्झ यांचाच.

नळीत नळी

दोन आडव्या नळ्या एकीच्या पोटात एक अशा ठेवल्या, आतली गरम आणि बाहेरची थंड, तर मधल्या कड्यासारख्या पोकळीत हवा कोंडलेली असते. गरम हवा आतल्या नळीला चिकटून वर जाते, माथ्यावरून उठून बाहेरच्या नळीला भिडते आणि तिच्या अंगाने थंड होत खाली उतरते. दोन्ही बाजूंना मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन भोवरे तयार होतात. आतल्या नळीची सर्वाधिक उष्णता बुडाशी निघते, बाहेरच्या नळीला सर्वाधिक उष्णता माथ्यावर मिळते आणि पोकळीच्या तळाशी थंड हवा जवळजवळ निपचित पडून राहते.

या मांडणीचे पहिले पद्धतशीर प्रयोग जर्मनीत झाले. बेकमान यांनी १९३१ साली हवा, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरले, तर क्राउसोल्ड यांनी १९३४ साली पाणी आणि तेले. मिनेसोटात क्यून आणि गोल्डस्टीन यांचा १९७६ सालचा निबंध आजही या विषयाचा कसोटीचा दगड आहे. हवा आणि पाणी, इंटरफेरोमीटर आणि संगणक, अशी दुहेरी मांडणी त्यात होती. आज कोणी नवा संगणकीय कार्यक्रम लिहिला, की तो या निबंधातल्या आकड्यांशी ताडून पाहतो. कॅनडातील वॉटर्लू येथील रेथबी आणि हॉलंड्स यांनी १९७५ साली दिलेले सूत्र अभियंते वापरतात. मधल्या हवेची उष्णता-वाहकता जणू किती पट वाढली, एवढेच ते सांगते.

या सूत्राने एक हिशेब करून पाहू. आतली नळी ५ सेंटिमीटर व्यासाची, ८० अंशांवर. बाहेरची ३० अंशांवर. मध्ये साधी हवा, आणि प्रारण तूर्त बाजूला. पोकळी ५ मिलिमीटर असेल तर हवा जवळपास हलतच नाही आणि निव्वळ वहनाने दर मीटरला ४९ वॅट जातात. पोकळी ८ मिलिमीटर केली तर ३२ वॅट. १० मिलिमीटरला ३३, १५ मिलिमीटरला ३४ ते ३५, आणि २५ मिलिमीटरला ३७. पोकळी वाढवत गेले की वहन कमी होत जाते, पण साधारण एका सेंटिमीटरच्या आसपास हवा जागी होते आणि अभिसरणाने ती कमाई परत घेते. २५ मिलिमीटरच्या पोकळीत निव्वळ वहनाने १३ वॅटच गेले असते. अभिसरणाने ते जवळजवळ तिप्पट केले. उष्णता अडवायची म्हणून दोन नळ्यांमध्ये मोकळी हवा भरपूर ठेवायची, ही समजूत इथे आकड्यांनीच खोटी पडते. रुंद पोकळी हवी असेल तर ती काचलोकरीसारख्या हवा न हलू देणाऱ्या पदार्थाने भरली पाहिजे.

आतली नळी मधोमध नसेल तर? क्यून आणि गोल्डस्टीन यांनी १९७८ साली ते तपासले. नळी सरकवली की जागोजागची उष्णता बरीच बदलते, पण एकूण उष्णता मधोमध असतानाच्या आकड्यापासून १० टक्क्यांहून जास्त ढळत नाही. नळ्या बसवणाऱ्या कारागिराला हा निकाल दिलासा देणारा आहे.

रॅले संख्या मोठी झाली की पोकळीतली हवा नियम मोडू लागते. पॉवे, कार्ली आणि बिशप यांनी १९६९ साली याचा नकाशाच काढला. रुंद पोकळीत माथ्यावरचा झोत डोलू लागतो, मध्यम पोकळीत माथ्यापाशी मळसूत्री भोवरे उठतात, अरुंद पोकळीत माथ्यावर अनेक लहान भोवरे तयार होतात. अरुंद पोकळीच्या संगणकीय अभ्यासांत तर एकाच रॅले संख्येला दोन वेगवेगळे स्थिर प्रवाह मिळाले आहेत. प्रवाह कोणता होईल ते सुरुवात कशी झाली यावर अवलंबून राहते. म्हणजे एकच प्रश्न, दोन बरोबर उत्तरे.

दाब कमी, दाब जास्त

वायूचा दाब ही या विषयातली सर्वांत उपयोगी कळ आहे. वायूचा दाब निम्मा केला तर रॅले संख्या चतुर्थांश होते, कारण तिच्यात घनतेचा वर्ग येतो. वायूची उष्णता-वाहकता मात्र दाब बराच कमी होईपर्यंत बदलत नाही. वरच्या २५ मिलिमीटरच्या पोकळीत दाब एक दशांश केला, तर अभिसरण संपते आणि ३७ वॅटचे १३ वॅट होतात. त्याखाली जायचे असेल तर वहनही थांबवावे लागते, आणि त्यासाठी खूपच खोल निर्वात लागतो.

आरशांनी सूर्यकिरण एका रेषेवर गोळा करणाऱ्या सौर प्रकल्पांत हेच केले जाते. सुमारे ७० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी काचेच्या नळीत ठेवतात आणि मधली पोकळी निर्वात करतात. आत फिरणारे तेल चारशे अंशांच्या जवळ तापते. कालांतराने तेलाच्या विघटनातून निघालेला हायड्रोजन पोलादातून झिरपून पोकळीत शिरतो. त्याचा दाब क्षुल्लक असतो, अभिसरण सुरू होण्याइतका तर मुळीच नसतो, पण हायड्रोजनची वाहकता इतकी जास्त आहे की तेवढ्यानेही काच तापू लागते आणि उष्णता वाया जाते. इथे शत्रू वहन आहे.

उलट टोकाला वायुरोधित विद्युत वाहिन्या आहेत. त्यांच्यात उच्च विद्युतदाबाच्या वाहकाभोवती सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू काही वातावरणांच्या दाबाने भरलेला असतो. हा वायू हवेच्या सुमारे पाचपट जड आहे. जड वायू आणि जास्त दाब, यांमुळे रॅले संख्या फार मोठी होते आणि आतल्या वाहकाची उष्णता बाहेरच्या नळीपर्यंत अभिसरणाने चांगली पोहोचते. इथे अभिसरण हवेच असते. ते नसते तर वाहक भरमसाट तापला असता.

जे अजून उरले आहे

गेल्या दोन दशकांत या विषयावर संगणकीय निबंधांचा पूर आला आहे. त्यातला मोठा वाटा नॅनोद्रायूंचा, म्हणजे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या पाण्याचा किंवा तेलाचा. कण मिसळले की उष्णता जास्त वाहील, असे बहुतेक गणिते सांगतात. मात्र पुत्रा, रोएत्सेल आणि आय.आय.टी. मद्रासचे सरित दास यांनी २००३ साली ॲल्युमिना आणि कॉपर ऑक्साइडचे कण मिसळलेल्या पाण्यावर आडव्या वृत्तचितीच्या पोटात प्रयोग केले, तेव्हा अभिसरण वाढण्याऐवजी घटलेले आढळले. वाहकता वाढली तरी द्रायूचे वागणे फक्त वाहकतेवर ठरत नाही. श्यानता वाढते, कण खाली बसू लागतात. सूत्रात नवे गुणधर्म घालून मिळालेल्या वाढीवर प्रयोगाशिवाय विश्वास ठेवू नये, हा त्यातला धडा आहे.

दुसरी उणीव लांबीची आहे. जवळपास सगळी सूत्रे अनंत लांब नळी गृहीत धरतात. प्रत्यक्षात फ्रिजच्या जाळीला टोके असतात, मागे भिंत असते, वर ओटा असतो. भिंत योग्य अंतरावर असेल तर चिमणीसारखी खेच निर्माण होऊन उष्णता वाढते. फार जवळ असेल तर हवेचीच वाट अडते. नळ्यांच्या मोठ्या जुडग्यात, जिथे एकाच वेळी शेजार, भिंत, प्रारण आणि टोके हे चारही परिणाम असतात, तिथे आजही एकच भरवशाचे सूत्र नाही. तिथे एक तर प्रयोग करावा लागतो, नाहीतर प्रयोगाशी ताडलेले संगणकीय गणित.

म्हणून या साहित्याकडे काम करणाऱ्या माणसाने पाहायचे ते एका क्रमाने. आधी प्रारणाचा वाटा काढावा, कारण तो अनेकदा अभिसरणाइतकाच असतो. मग रॅले संख्या काढून नळी कोणत्या पल्ल्यात आहे ते पाहावे. नळी एकटी असेल तर चर्चिल-च्यू किंवा मॉर्गन यांच्यापैकी कोणतेही सूत्र पुरे. दोन्हींतल्या फरकापेक्षा प्रत्यक्ष मोजमापातली चूक मोठी असेल. नळ्या एकावर एक असतील तर त्यांच्यातले अंतर व्यासाच्या पटीत मोजावे. दोन-तीन व्यासांच्या आत असतील तर घट गृहीत धरावी, आठ-नऊ व्यासांवर असतील तर थोडी वाढही मिळू शकते. जागा नसेल तर त्या एकाआड एक बाजूला सरकवाव्यात. एकीत एक असतील तर आधी पोकळीची रुंदी ठरवावी आणि साध्या हवेत एका सेंटिमीटरहून रुंद पोकळीकडून काही वाचेल अशी अपेक्षा ठेवू नये. या साध्या निवडी चुकल्या, तर चौथ्या दशांश स्थळापर्यंत नेमके सूत्रही ती चूक भरून काढू शकत नाही.